ओटीवर मिटवलेलं प्रकरण

आमच्या ओटीवर जेवढी भांडणं मिटली तेवढी चौकीत नोंदलीही गेली नसतील, असं आमचे पाटील चारचौघांत सांगायचे आणि मी आतून चहा आणता आणता मान डोलवायची. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवायला आवडायचं. चहापेक्षा किटली गरम, असं माझी जाऊ पाठीमागे म्हणायची. म्हणू दे. होतेच मी तशी.

पाटील म्हणजे माझे यजमान, जयवंत राऊत, तांबडवाडीचे पोलीस पाटील. आगाशीच्या बाजारातून रिक्षा केली तर दहा मिनिटांवर आमची वाडी. गावात चोरी झाली, मारामारी झाली, कुणी अपघातानं गेलं, की पोलीस ठाण्याला खबर द्यायची, हे पोलीस पाटलाचं सरकारी काम. आमच्या पाटलांची ख्याती मात्र उलटी. खबर जायच्या आधीच ते प्रकरण मिटवायचे. बांधावरून डोकी फोडायला निघालेले भाऊ, दारू पिऊन बायकोवर हात टाकणारे नवरे, सगळ्यांना ओटीवर समोरासमोर बसवायचे, दोघांनाही झापायचे आणि मग हातात हात द्यायला लावायचे. त्यावर माझा चहा. ठाण्यातले साहेबही खूश, कारण त्यांच्याकडे गुन्ह्यांचा आकडा वाढत नसे. तांबडवाडीत गुन्हाच नाही, असं दर वर्षी कुणीतरी भाषणात बोलायचं आणि आमचे पाटील पहिल्या रांगेत बसून मिशीतल्या मिशीत हसायचे.

भागूबाई आमच्याकडे मासे घेऊन यायची. वाडीच्या टोकाला कोळ्यांची पाच-सहा घरं आहेत, त्यातलं एक तिचं. पहाटे अर्नाळ्याला जायचं, मासळी घ्यायची, टोपली घेऊन घरोघर फिरायचं आणि उरलेलं आगाशीच्या बाजारात विकायचं. नवरा तरुणपणीच गेला. एकच मुलगी, अश्लेषा. तिला हिनं मासळीच्या पैशांवर शिकवलं आणि पोरगी विरारला रक्त-लघवी तपासतात त्या लॅबमध्ये लागली. पांढरा कोट घडी करून पिशवीत घालून सकाळी बसथांब्यावर उभी राहायची. आमच्या दारावरून जाताना "काकी, साखर तपासून घ्या हं एकदा," असं ओरडून जायची. मी म्हणायची, "तूच सुई टोचणार असशील तर नको गं बाई."

समोरच्या चौधरींचा वेदांत तिच्या मागे लागला. मोठी बागायत, दारात दोन गाड्या, मुलगा नुसता उंडारलेला. आधी बसथांब्यावर उभा राहायचा. मग लॅबच्या दारात. एकदा तिचा मोबाइल हिसकावून नंबर काढून घेतला, मग दिवसभर फोन. एक दिवस बसमधून उतरताना त्यानं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. त्या दिवशी भागूबाई टोपली न घेता आमच्याकडे आली.

"पाटील, मी चौकीत जाते," ती म्हणाली. "तुमी फकस्त संगती चला. मला तिकडं कोन इचारनार नाय."

"भागू, डोकं फिरलंय का तुझं?" पाटील म्हणाले. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. एकदा चौकीत नाव लागलं की पोरीचं लग्न होणार आहे का कुठं? चौधरी आपले घरचे आहेत. मी बसवतो दोघांना. मिटवून टाकतो."

भागूबाई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "ऐक त्यांचं. पोरीच्या जातीला झाकली मूठच बरी." हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

बैठक ठरली ती नारळी पौर्णिमेच्या दिवशी. पाटलांना कल्पना सुचली आणि ते स्वतःवरच खूश झाले. म्हणाले, सरोजिनी, आज राखी आहे ना, मग बघ कसा तोडगा काढतो. मी डब्यातून एक राखी काढली. माझ्या भावासाठी दोन आणल्या होत्या, त्यातली एक, सोनेरी मण्यांची. ताट केलं. कुंकू, तांदूळ, निरांजन, नारळी भात. ओटीवर चौधरी बापलेक, गावातली चार वडीलधारी माणसं, भागूबाई. अश्लेषाला मी आत स्वयंपाकघरात बसवलं होतं.

तिला कळलं काय चाललंय ते. तिनं माझा पदर धरला. "काकी, मला त्याच्या हाताला हात लावायला लावू नका," ती म्हणाली. "मी त्याचं काही घेतलेलं नाही, मग मी का बांधू? त्याला फक्त सांगा, माझ्या मागे येऊ नको. एवढंच सांगा."

"अगं वेडे, राखी बांधली की तो भाऊ झाला," मी म्हणाले. "भाऊ झाला की विषय संपला. चल, डोळे पूस, सगळे खोळंबलेत."

मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. तिनं राखी बांधली. गाठ बसेना, तेव्हा मीच पुढे होऊन गाठ मारली. वेदांतनं तिला ओवाळणी घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौधरींनी मोबाइलवर फोटो काढला, त्यात मी मधोमध हसतेय. अश्लेषा खाली बघतेय, पण फोटोत ते लाजल्यासारखं दिसतं.

मग जे झालं ते गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. वेदांत आता भाऊ झाला. बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसायचा. ती उठायला लागली की खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचा आणि कंडक्टरला सांगायचा, बहीण आहे माझी, रुसलीय. लॅबमध्ये जाऊन सांगून आला, मी हिचा भाऊ, हिला उशिरा सोडू नका. तिथल्या मुली अश्लेषालाच म्हणायच्या, किती काळजी करतो गं तुझा भाऊ. आधी तो मागे लागला तर निदान चार लोक हटकायचे. आता कोण हटकणार? मनगटावर राखी होती. दोन महिने झाले तरी त्यानं ती सोडली नव्हती.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अश्लेषा एकटीच आली. पाटील ठाण्यात शांतता समितीच्या बैठकीला गेले होते. मी अंगणात वृंदावन रंगवत होते. ती ओटीवर बसलीही नाही.

"काकी, आई मासे घेऊन गेली की तो घरात येतो," ती म्हणाली. "शेजारच्यांनी विचारलं की सांगतो, बहिणीकडे आलोय. काल मी ओरडले. शेजारची बाई आली, त्याला बघितलं आणि हसून परत गेली. म्हणाली, भावाबहिणीचं काय भांडताय."

मी ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला.

"पाटलांची नोंदींची वही आहे ना, त्यात लिहून घ्या. तारीख घालून. मी सही करते. मग मी ते चौकीत दाखवीन."

आणि मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, "मला नाही गं ते सरकारी लिहिता येत. ते आले की सांगते." दहावी पास बाई मी, महिला मंडळाचं इतिवृत्त बारा वर्षं माझ्या हातचं! वही तिथेच कोनाड्यात होती, पेन तिच्यावरच ठेवलेलं. ती निघून गेली.

रात्री पाटील परतल्यावर मी त्यांना सांगितलं. ते पाय धुवत होते. म्हणाले, "राखी बांधलीय ना? आता भावाविरुद्ध कसली तक्रार? उद्या चौधरी मला विचारेल, पाटील, तुमच्या निवाड्याला काही किंमत आहे की नाही." मी म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न, घरात पाहुणे. विषय राहूनच गेला.

बारा दिवसांनी अश्लेषा बावखलात सापडली. आमच्याकडे वाड्यांमधून पाण्याची तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. लहानपणापासून त्याच पाण्यात पोहलेली पोर. पाटलांनी खबर दिली: पाणी काढताना पाय घसरून पडून मृत्यू. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. भागूबाईला शुद्ध नव्हती, सगळ्यांनी सांगितलं तिथे तिनं अंगठा टेकवला. पोरीचं नाव जाईल, असं जो तो म्हणत होता. आणि तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा पुढे कोण झालं? वेदांत. भाऊ म्हणून खांदा द्यायला! मी दारात उभी राहून ते बघितलं. गावानं बघितलं. बायका म्हणाल्या, मानलेला असला तरी शेवटपर्यंत आला बघा. पुढच्या वर्षी त्याच वेदांतला नोकरीसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागला, तोही आमच्या पाटलांनीच दिला.

नंतर गावात कुजबुज सुरू झाली ती मेलेल्या पोरीबद्दल. तिचंच काहीतरी असेल. त्याशिवाय कोण जीव देतं? तिचंच त्याच्यावर मन होतं, त्यानं राखी बांधून घेतली म्हणून तिला सहन झालं नाही. हे भागूबाईच्या कानांवर जात होतं. तिनं आमच्या दारावर मासे आणायचं बंद केलं.

दोन वर्षं गेली. दरम्यान इकडचा पोलिसांचा कारभारच बदलला. आयुक्तालय आधीच आलं होतं, आता नवे कायदे आले, नवे साहेब आले. आता कुणीही, कुठल्याही ठाण्यात गेलं तरी तक्रार लिहून घ्यायची, हद्द आमची नाही म्हणून पिटाळायचं नाही, कागदाची प्रत हातात द्यायची. गुन्ह्यांचा आकडा वाढला तरी चालेल, पण दडवायचा नाही, असं साहेबांनी म्हणे सगळ्यांसमोर सांगितलं. आमचं गावही शहरात धरलं गेलं, त्यामुळे पाटलांनंतर नवा पोलीस पाटील नेमायचा नाही असं ठरलं. नव्या तक्रार कक्षाचं उद्घाटन होतं, त्यात जुन्या पोलीस पाटलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. पाटलांनी त्यासाठी नवा सदरा शिवून घेतला.

त्याच आठवड्यात फौजदार ज्युलिएट डाबरे आमच्याकडे आल्या. वसईकडचीच मुलगी, पस्तिशीची असेल. ओटीवर बसल्या, चहा नको म्हणाल्या. गेल्या काही वर्षांत पाण्यात पडून गेलेल्या बायका-मुलींच्या फायली नव्यानं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. शिवाय विरारजवळच्या चंदनसारच्या शॅनन नावाच्या मुलीनं वेदांतविरुद्ध तक्रार दिली होती, मागे लागतो, वाट अडवतो म्हणून. या वेळी ती ताबडतोब लिहून घेतली गेली होती.

"तो म्हणतो, मी मुलींना बहीण मानतो," डाबरेबाई म्हणाल्या. "पुरावा म्हणून त्यानं हा फोटो दाखवला." मोबाइल त्यांनी पाटलांपुढे धरला. सोनेरी मण्यांची राखी, आणि मधोमध मी. "भागूबाई म्हणतात, राखी बांधायला मुलीवर बळजबरी झाली होती. बाकी सगळे म्हणतात, तिनं आनंदानं बांधली. एकट्या आईचा शब्द कोर्टात कितीसा टिकणार? राऊतसाहेब, या मुलीनं तुमच्याकडे कधी तक्रार केली होती?"

पाटलांनी मोबाइल बाजूला सारला. "लेखी काही नाही," ते म्हणाले.

"तोंडी?"

"नाही. सणाचा दिवस होता, राखी बांधली. बस्स."

मी दाराआड उभी होते. माझा हात कडीवर होता आणि तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागूबाई आली. दोन वर्षांनी आली. केस पार पांढरे झाले होते. ओटीची पायरी चढली नाही, अंगणातूनच बोलली.

"पाटलीनबाय, मला त्याला फाशी नको, काय नको. माझी पोर हसत राखी बांधाया नव्हती आली, तिनं नको म्हटलं व्हतं, एवढं फकस्त कोनीतरी बोला. लोक तिला वाईट बोलतात. रातीला झोपताना कधी कधी माझ्यापन मनात येतं, की खरंच पोरीचं काय व्हतं का? आई हाय मी तिची, आनि माझ्याच मनात येतं. तू आत व्हतीस तिच्यासंगती. तुला म्हाईत हाय."

ती गेल्यावर मी पाटलांपुढे बसले. म्हणाले, "सांगून टाका. चूक झाली म्हणा. पोरीचं नाव तरी सुटेल."

"आणि माझं?" पाटील ओरडले. "सव्वीस वर्षांची अब्रू आहे माझी! शाल घ्यायच्या दिवशी लोक म्हणतील, यानं पोरीला मारलं. कळतंय का तुला?"

"कळतंय," मी म्हणाले. "तेच तर सांगतेय. मारलंच की आपण."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, त्या दिवशी उगारला. मग स्वतःच घाबरून खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. गावाला न्याय देता देता म्हातारा झालेला माणूस, त्याला एवढंच येत होतं, मिटवणं. आणि मी त्याला रोज टाळ्या वाजवल्या होत्या.

सत्काराच्या दिवशी आम्ही एकाच रिक्षातून गेलो. ठाण्याच्या आवारात मांडव, खुर्च्या, फुलांच्या माळा. पाटील नव्या सदऱ्यात पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसलेच नाही. सरळ आत गेले. नव्या कक्षात ज्युलिएट डाबरे टेबलाशी होत्या. मी म्हणाले, "बाई, माझा जबाब लिहून घ्या. त्या फोटोतली मधली बाई मी."

दीड तास लागला. बाहेर लाउडस्पीकरवर भाषण चालू होतं, जनता आणि पोलीस यांच्यातल्या विश्वासाबद्दल. मी सांगत होते आणि एक शिपाई मुलगी टाइप करत होती. स्वयंपाकघरात अश्लेषा काय म्हणाली ते सांगितलं. दंडाला धरून बाहेर मी आणली, गाठ मी मारली. मग तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचं. वहीचं सांगताना मला हुंदका आला. डाबरेबाईंनी पाणी पुढे केलं आणि थांबल्या, घाई केली नाही. शेवटी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी सही केली. चांगली वळणदार सही येते मला.

"यानं काय होईल?" मी विचारलं.

"खोटं आश्वासन देत नाही, काकी," त्या म्हणाल्या. "कोर्टात काय टिकेल ते आज सांगता येत नाही. पण शॅननच्या केसला याचा आधार मिळेल. राऊतसाहेबांनाही पुन्हा बोलवावं लागेल, चौकशीसाठी."

बाहेर आले तेव्हा पाटलांच्या अंगावर शाल होती. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय सांगितलंस?" मी म्हणाले, "सगळं." त्यांनी शाल काढून मांडीवर घेतली. आगाशीच्या बाजाराशी मी रिक्षा थांबवली आणि एकटीच उतरले. त्यांनी मला थांबवलं नाही.

भागूबाई मासळी बाजारात तिच्या जागेवर बसली होती, पुढ्यात थोडे बोंबील उरले होते. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. मनात कुठेतरी वाटत होतं, की हिच्या मनावरचं ओझं उतरेल आणि माझ्यावरचंही थोडं. माणूस किती हावरट असतो!

"सांगितलं गं सगळं," मी म्हणाले. "लिहून दिलं, सहीनिशी. तिनं नको म्हटलं होतं, मी बळंच बाहेर आणली. तुझी पोर दोनदा आली होती माझ्याकडे, तेही लिहिलंय. आता कुणी तिला नावं ठेवणार नाही."

भागूबाईनं तोंडाला पदर लावला. डोळे भरून आले तिचे. मान हलवत राहिली, हो हो करत. मग मान हलायची थांबली.

"दोनदा?" ती म्हणाली. "एकदाच आनली व्हती मी तिला. राखीला."

"दुसऱ्यांदा एकटी आली होती. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. तक्रार लिहून घ्या म्हणत होती."

भागूबाई माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. बाजूची कोळीण गिऱ्हाइकाला ओरडून भाव सांगत होती. मग भागूबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"त्या दिशी काळोख पडल्यावर घरी आली ती. कुठं व्हतीस म्हनून इचारलं, तर बोललीच नाय. मला वाटलं, त्याच्याकडंच गेली व्हती. हिचंच मन हाय त्याच्यावर. मी मारलं तिला, पाटलीनबाय. लाकडानं मारलं. ती एक शबूद बोलली नाय. त्याच्यानंतर बारा दिस मी तिच्यासंगती बोलले नाय."